अस्वलाच्या आत कोणी नसतं

अस्वलाच्या आत कोणी नसतं. आमच्या पार्कात कामाला लागणाऱ्या प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी हे वाक्य पाठ करून घेत. एखाद्या लेकरानं विचारलंच की आत कोण आहे, तर हसून सांगायचं, "कोणी नाही, ते अस्वलच आहे." आपापसांत बोलतानाही नाव घ्यायचं नाही, नुसतं 'अस्वल' म्हणायचं. लहान मुलांचा विश्वास मोडू नये म्हणून. तेव्हा मला हा नियम फार गोड वाटला होता. आता आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण आत माणूस होता. एक नाही, दोन होते. एकाच डोक्यात, आलटून पालटून. त्यातले सकाळचे होते ते माझे दीर.

भावजींना अस्वल ज्यानं केलं असेल त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. माणूस उंच आणि इतका किडकिडीत, की शर्ट त्यांच्या अंगावर असला तरी खुंटीवरच आहे असं वाटे. त्यात तोंड म्हणजे अखंड टकळी. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी मला पाणी कोणी विचारलं नाही, पण भावजींनी गल्लीतल्या सगळ्यांची कुंडली सांगून टाकली. अशा माणसाला नोकरी लागली ती जिथे एक अक्षर बोलायला बंदी तिथे. अस्वल बोलत नाही, खोकत नाही, शिंकत नाही. फक्त हात हलवतं आणि पोटावर दोन्ही हात ठेवून हसल्यासारखं करतं.

मग ते सगळं तुंबलेलं घरी यायचं. दुपारी पायातले बूट काढता काढताच सुरुवात. मी ओट्याशी, ते स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून. आज कोणत्या पोरानं शेपूट ओढलं, कोणत्या बाईनं फोटोसाठी मिठी मारली आणि तिच्या नवऱ्याचं तोंड कसं झालं, इथपासून ते थेट राज्यकारभारापर्यंत. माझे यजमान छापखान्यात यंत्रावर असतात. दिवसभर यंत्रांच्या आवाजानं कान बधिर झालेत असं सांगून ते आतल्या खोलीत जाऊन पडायचे. कान चांगले शाबूत होते, पण भावाच्या वाटणीचं ऐकायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात बांधलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

त्यांचं लग्न काही जमलं नाही. मुलगा काय करतो, हा प्रश्न आला की आमची बोबडी वळायची. नोकरीच्या करारात लिहिलेलं, कोणाला सांगायचं नाही. "करमणुकीच्या क्षेत्रात आहेत," मी सांगायचे. "म्हणजे नट आहेत का?" पलीकडून डोळे चमकायचे. "तसंच काहीसं." भावजी मला बाजूला घेऊन म्हणायचे, "वहिनी, सरळ सांगून टाका की अस्वल आहे. मुलगी पळायचीच असेल तर निदान आधी पळेल."

पण कामात माणूस वाघ होता. म्हणजे अस्वल होता. त्या पोशाखात बाहेरचं दिसतं ते डोळ्यांतून नाही, अस्वलाच्या अर्धवट उघड्या तोंडातल्या जाळीतून. खाली बघायचं तर अख्खं अंग वाकवावं लागतं. उन्हाळ्यात आत भट्टी. हनुवटीखाली पट्टा, कपाळाला आणि दोन्ही गालांना घट्ट बसणारा जाड फोम. नाकाला खाज सुटली तर सुटली. एवढं सगळं सोसून त्यांनी स्वतःची एक युक्ती शोधून काढली होती. लहान मूल अस्वलाला बघून रडायला लागलं की बाकीची अस्वलं गोंजारायला पुढे जातात आणि पोर आणखी किंचाळतं. भावजी काय करायचे, तर मुलाकडे पाठ फिरवून सरळ जमिनीवर बसायचे आणि ढिम्म हलायचे नाहीत. थोड्या वेळानं रडणं थांबायचं. मग मागून एक छोटं बोट यायचं आणि पाठीत टोचायचं. तरी ते वळायचे नाहीत. दुसऱ्यांदा टोचलं की हळूच एक हात मागे करायचे. मी रोलर कोस्टरच्या फलाटावरून हे कितीदा पाहिलंय.

मला पार्कात लावलं तेही त्यांनीच. सीटवर माणसं बसवायची, कंबरेवरचे दांडे ओढून बघायचे, सगळे नीट बसले की हात वर करायचा, हे माझं काम. सगळं पार्क मला 'वहिनी' म्हणायला लागलं, कारण अस्वल पोशाखात शिरायच्या आधी मला तशी हाक मारून जायचं.

मग साथ आली आणि पार्क बंद झालं. गेटला साखळी, पाळणे हवेत तसेच लटकलेले. घरी बसून भावजींनी माझं डोकं खाल्लं, मी त्यांचं खाल्लं. महिने गेले. मग एक दिवस निरोप आला की सगळी काळजी घेऊन पार्क उघडतंय.

आता ही काळजी काय होती ते ऐका. जमिनीवर पिवळी गोल वर्तुळं, एकेका वर्तुळात एकेक कुटुंब. गेटवर कपाळाला ताप मोजायचं यंत्र. रोलर कोस्टरची एक रांग भरलेली, एक रिकामी. आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी पूर्ण रिकामी करून फवारा मारायचा, औषध मुरू द्यायचं, मग पुसायचं. अर्ध्या सीट रिकाम्या आणि वर ही पुसापुशी, म्हणजे रांग वाढणारच. तिचं शेपूट थेट कारंज्यापर्यंत जायचं. प्रतीक्षेच्या वेळेच्या फलकावरचा आकडा बघून लोक आधी हसायचे, मग चिडायचे, आणि मग माझ्यावर ओरडायचे. फलक कोणी लावला हे कोणी विचारत नव्हतं. फडकं माझ्या हातात होतं ना!

"अहो बाई, किती घासताय? सोन्याचं आहे का ते?" एक गृहस्थ. मास्क हनुवटीला लोंबतोय.

"मास्क वर घ्या साहेब."

"आधी गाडी सोडा, मग घेतो. मुलगी दीड तास उभी आहे माझी."

मुलगी बिचारी मास्क नीट लावून, वर्तुळाच्या बरोबर मध्यभागी पाय जुळवून उभी. तिला काही त्रास नव्हता. तिच्या बापाला होता. माझ्या तोंडात जे शब्द आले होते ते मास्कमागे राहिले म्हणून त्याचं निभावलं.

आमचे सुपरवायझर, त्यांना आम्ही टाळीसाहेब म्हणायचो. काहीही झालं की टाळ्या वाजवायचे, "चला, चला, चला!" साथीत त्यांच्या हातात रबरी मोजे आले, तर टाळीचा आवाज फद् फद् येऊ लागला. तरी सवय सुटली नाही. ते माझ्या फलाटावर येऊन म्हणाले, "वहिनी, औषध मुरायची वाट बघत बसू नका. फवारा मारा आणि लगेच पुसा. पण पुसताना दिसलं पाहिजे. मोठे हात करा." म्हणजे जंतू मरोत न मरोत, लोकांना माझा हात हललेला दिसला पाहिजे. मला लालभडक फडकं दिलं. लांबून उठून दिसतं म्हणून.

आणि अस्वल? अस्वलाला दोरीपलीकडे एका चौथऱ्यावर उभं केलं. मिठी बंद, हस्तांदोलन बंद, लांबून फोटो. मुलांना चांगली सवय लागावी म्हणून अस्वलाच्या नाकाडावरही एक भला मोठा मास्क शिवून घेतला, निळा, त्यावर पांढरे ठिपके. असे चार-पाच मास्क होते. रोज एक धुतलेला, इस्त्री केलेला मास्क अस्वलाच्या तोंडावर चढायचा. लोक कौतुकानं म्हणायचे, "बघा, किती काळजी घेतात!"

त्या इस्त्रीच्या मास्कमागे, त्या डोक्याच्या आत, सकाळी माझे दीर श्वास घेत होते आणि दुपारी दुसरा माणूस. त्याच फोममध्ये. तो फोम सकाळचा दुपारपर्यंत वाळत नव्हता आणि दुपारचा सकाळपर्यंत.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी पोशाख सांभाळायला एक कपडेवाली होती. तिनं दोघांसाठी वेगवेगळी टॉवेलच्या कापडाची अस्तरं शिवली होती. पाळी संपली की ती अस्तर काढून धुवायची, डोकं पंख्यासमोर पालथं घालायची, आणि कोणी वाळायच्या आधी घालायला मागितलं तर असं काही सुनवायची की मागणारा घाम गाळायचं विसरायचा. बंदीच्या काळात तिला घरी पाठवलं ते पाठवलंच. पार्क उघडलं तेव्हा तिची अस्तरं कुठल्या कपाटात गेली हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

भावजींनी आत स्वतःचा मास्क लावून पाहिला. घामानं भिजून तो नाकाला चिकटला आणि जीव गुदमरायला लागला. मग तोंडाभोवती घरचा पंचा गुंडाळला. तो सरकून जाळीवर आला, समोरचं दिसेना, आणि अस्वल चौथऱ्यावरून तोंडावर पडलं. रांगेतल्या दहा जणांनी ते मोबाइलवर टिपलं. सगळीकडे फिरलं ते, लोक पोट धरून हसले. गुडघा सोलून घरी आलेल्या माणसाला मी हळद लावत होते तेव्हा शेजारच्या घरातून तोच व्हिडिओ वाजत होता. दुसऱ्या दिवसापासून आत पंचा न्यायला बंदी.

मी टाळीसाहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, माझ्याकडे औषध आहे, फडकं आहे. पाळी बदलताना ते डोकं आतून पुसून देते."

"वहिनी, नियम काय आहे? पाहुण्यांचा हात जिथे जिथे लागतो ते सगळं पुसायचं. डोक्याच्या आत पाहुण्यांचा हात कुठे लागतो?"

"पाहुण्यांचा नाही लागत. माणसाचं तोंड लागतं."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "असं मोठ्यानं बोलू नका. आत कोणी नसतं." आणि मग ती रबरी टाळी. "चला, चला, गाडी थांबलीय तुमची."

सकाळ-दुपारच्या पाळ्यांची माणसं एकमेकांना भेटू नयेत असा नवा नियम होता, त्यामुळे भावजींनी दुपारवाल्याला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. तो नवा लागला होता. त्याची ओळख होती ती फक्त वासाची. दुपारवाला दातदुखीवर लवंग चघळायचा म्हणे. सकाळी डोकं घातलं की भावजींच्या नाकात लवंग शिरायची. घरी येऊन रोज त्याची तक्रार. "वहिनी, माणूस चांगला असेल हो, पण मी लवंगेच्या डबीत नोकरी करतोय." कधी म्हणायचे, "आज वास कमी होता, दात बरा दिसतोय." न पाहिलेल्या माणसाच्या दाताची खुशाली आमच्या घरी रोज कळायची.

एक दिवस भावजी आले ते खुशीत. बूट काढता काढता म्हणाले, "सुटलो एकदाचा! दुपारवाल्यानं लवंग सोडली. आज आत अजिबात वास नाही. नुसती स्वच्छ हवा."

मीही हसले. म्हटलं, "दात काढून टाकला असेल."

"काढला असेल तर पेढे वाटायला हवेत." एवढं बोलून ते दारात बसले. त्या दिवशी जरा कमीच बोलले. मला वाटलं, दमलेत.

दुसऱ्या दिवशी मी गॅसवर दूध ठेवून कपडे वाळत घालायला गेले. भावजी ओट्याजवळच बसले होते, मोबाइल बघत. परत आले तर घरभर जळका वास, भांड्यावर धुराची रेघ. दूध उतू जाऊन, आटून, भांड्याचा तळ काळा झालेला. आणि हे महाशय दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे स्क्रीन बघतायत.

"अहो भावजी! करपल्याचा वास नाही आला तुम्हाला?"

त्यांनी मान वर केली. धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "नाही आला."

तेव्हा दोघांनाही एकदमच कळलं. दुपारवाल्यानं लवंग सोडली नव्हती. लवंग होती तिथेच होती. यांचं नाक गेलं होतं. आणि ते त्या माणसाला पेढे वाटायला निघाले होते.

मी गेटवरच्या रखवालदाराला फोन केला. तो म्हणाला, दुपारवाला कालपासून आला नाही, ताप आहे म्हणे, आधीही गोळी घेऊन येत होता. मी त्या न पाहिलेल्या माणसाला तोंडाला येईल ते बोलले. पण सुट्टी मागितली तर उद्या येऊ नका म्हणतात, हे मलाही माहीत होतं. आपलाच राग चुकीच्या दारावर आपटत होता.

भावजींना आतल्या खोलीत ठेवलं. यजमान आणि मी बाहेर. दाराशी ताट ठेवायचं, दार वाजवायचं, मागे सरकायचं. पहिले काही दिवस आतून बोलणं चालू होतं. दाराआडून मला पार्कच्या गोष्टी सांगायचे. मग वाक्यं तुटायला लागली. दोन शब्द, मग श्वास. एक शब्द, मग श्वास. ज्या माणसाला गप्प करायला आम्ही वर्षानुवर्षं धडपडलो, तो गप्प व्हायला लागला तेव्हा माझे यजमान दाराला कान लावून बसायचे. म्हणायचे, "बोल की रे काहीतरी." शेवटी गाडी आली आणि त्यांना हॉस्पिटलात नेलं.

आरोग्य खात्यातून एका बाईंचा फोन आला. आवाज थकलेला, पण सभ्य. रुग्ण कोणाकोणाच्या संपर्कात आला, विचारत होत्या.

"त्यांच्या जोडीदाराच्या. पार्कातल्या."

"दोघं किती वेळ एकत्र होते?"

"एकत्र नव्हते. एकमेकांना कधी भेटलेच नाहीत."

"मग संपर्क कसा?"

"डोकं एकच होतं."

"काय एकच होतं?"

"डोकं. दोघांचं डोकं एकच होतं."

मग त्या अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "ताई, तुम्हाला बरं आहे ना? ताप वगैरे?"

मी अस्वलापासून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पार्कात विचारते म्हणून सांगितलं, आणि विचारलंही. पार्कानं कळवलं की पाळ्या वेगळ्या आहेत, कर्मचारी एकमेकांना भेटत नाहीत, पाहुण्यांपासून अंतर राखलं जातं, सर्व वस्तू निर्जंतुक केल्या जातात, सबब पार्कात संपर्क झालेला नाही. लागण घरातूनच झाली असावी. घरातून! म्हणजे माझ्याकडून किंवा त्यांच्या सख्ख्या भावाकडून. आमची तपासणी केली तर आम्ही दोघंही ठणठणीत. तरी कागदावर घरच राहिलं. हात झटकायचे म्हणजे किती, की त्या माणसाच्या भावाच्या अंगावर झटकायचे?

हॉस्पिटलात भेटायला बंदी. तोंडावर ऑक्सिजन, बोलता येत नव्हतं. मोबाइलवर एखादा शब्द लिहायचे. मला वाटलं, घरचं विचारतील, भावाचं विचारतील. पहिला निरोप आला तो असा: 'डोकं धुतलं का?'

मी लिहिलं, आराम करा. संध्याकाळी पुन्हा तेच. 'आता कोण घालतं? डोकं धुतलं का?' ज्या माणसाला स्वतःला श्वास पुरत नव्हता, त्याचा जीव टांगणीला लागला होता तो पुढच्या माणसासाठी. मी टाळीसाहेबांना फोन केला. "बघतो," म्हणाले. 'बघतो' म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं.

घरात बंद राहायची मुदत संपली आणि मी कामावर गेले. गेटमधून आत शिरताच चौथऱ्याकडे पाहिलं. अस्वल उभं होतं. नाकाडावर निळा मास्क, ठिपक्यांचा, कडक इस्त्रीचा. हात हलवत होतं. लोक फोटो काढत होते. जसं काही झालंच नाही. हात भावजींचा नव्हता, तो मला लांबूनही ओळखू येतो. हा हात बिचकत हलत होता. एक पोर रडायला लागलं तर हे अस्वल गोंधळून दोन पावलं पुढे आलं, आणि पोरानं आभाळ डोक्यावर घेतलं.

मी मागच्या खोलीत जाऊन थांबले. अस्वल विश्रांतीला आत आलं. डोकं काढलं तर आतून निघाला आमचा तिकीटवाला. आता तिकिटं मोबाइलवर, म्हणून त्याची खिडकी बंद, म्हणून त्याला अस्वल केलेलं. चष्म्यावर वाफ. घरी दोन लहान मुली आहेत त्याच्या.

"हे आतून कोणी धुतलं का?" मी विचारलं.

"नाही वहिनी. वरचा मास्क तेवढा रोज बदलतात."

"आण इकडे."

त्यानं एक क्षण माझ्याकडे पाहिलं, आणि दिलं. मी आत तोंड घातलं. स्वतःचा मास्क खाली करून, मूर्खासारखं. ओला, आंबट फोम. आणि लवंग. अजून होती. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या दारात बूट काढत बसलेले भावजी आले, नुसती स्वच्छ हवा म्हणणारे, आणि मला असा राग आला की ते डोकं घेऊन मी तडक नळाकडे वळले.

मागच्या नळाला साबण नव्हता. कर्मचाऱ्यांचा साबण, नवीन पायानं दाबायचे नळ, सगळं पुढे हलवलं होतं, रोलर कोस्टरच्या रांगेसमोर, पाहुण्यांना दिसावं म्हणून. डोकं बाहेर न्यायचं तर पोत्यात झाकून न्यायचं, हा दुसरा नियम. मी ते काखेत मारलं, उघडं, कान लोंबत, आणि भर रांगेसमोरून चालत गेले. नळ पायानं दाबला. साबण ओतला. डोकं पालथं घातलं आणि चोळायला लागले. असे मोठे हात केले, की टाळीसाहेबांचं मन भरून यावं. फोम पिळला की आतून तपकिरी पाणी निघत होतं. निघतच होतं.

मग एक मुलगी किंचाळून रडायला लागली. अस्वलाचं मुंडकं नळाखाली बघून कोण नाही रडणार? तिची आई मला काहीतरी बोलत होती. मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी त्या मुलीकडे पाठ फिरवली आणि डोकं मांडीत घेऊन खाली जमिनीवर बसले. तसंच चोळत राहिले. थोड्या वेळानं रडं थांबलं. मग माझ्या पाठीत एक बोट टोचलं.

मी वळले नाही. दुसऱ्यांदा टोचलं.

"आत कोण होतं?"

"माझे दीर," मी म्हटलं. "या काकांच्या आधी."

"आता कुठे आहेत?"

"हॉस्पिटलात. म्हणून धुतेय."

तेवढ्यात फद् फद् ऐकू आलं. टाळीसाहेब धावत येत होते, चेहरा लाल. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं त्या एवढ्याशा मुलीला म्हणाले, "बाळ, ही काकू गंमत करतेय. अस्वलाच्या आत कोणी नसतं!"

तिकीटवाला माझ्या मागोमाग आला होता. मानेपर्यंत अस्वल, त्यावर माणसाचं डोकं आणि चष्मा. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, मग मी कुठे आहे?"

रांगेत कोणीतरी हसलं. आणि मागून, वर्तुळातूनच, एका माणसाचा आवाज आला, "ते सगळं राहू द्या, गाडी कधी सुटणार?"

मला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मी त्यांच्या तोंडावर लाल फडकं फेकून आले नाही, नीट घडी करून दिलं. डोकं मात्र तोपर्यंत उन्हात कठड्यावर पालथं घातलं होतं आणि तिकीटवाला त्याच्याजवळ उभा होता, कोणाला हात लावू देत नव्हता.

गेटबाहेर येऊन मी भावजींना लिहिलं, 'धुतलं. मी स्वतः.'

उत्तर यायला दुपार उलटली. एकच शब्द होता. 'लवंग?'

मी रस्त्यात उभी राहून हसले आणि रडले. लिहिलं, 'अजून येते. साबणालाही दाद देत नाही.' त्यावर त्यांनी अस्वलाचं छोटं चित्र पाठवलं. ते त्यांचं शेवटचं. आमच्या घरातला सगळ्यात बोलका माणूस एकही शब्द न बोलता गेला.

पार्कानं काही केलं नाही. करणार काय? चौथऱ्यावर अस्वल उभंच होतं, हात हलवत होतं. शोक कोणाचा पाळायचा? काही दिवसांनी टाळीसाहेबांचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"वहिनी, वाईट झालं. खरंच वाईट झालं. फक्त एक विनंती आहे. ते अस्वलात होते, हे बाहेर बोलू नका. करारात आहे तसं. आणि लहान मुलांचा प्रश्न आहे हो. त्यांची मनं दुखावतात."

"साहेब," मी म्हटलं, "आत कोणी नसतं ना?"

"बरोबर. तेच म्हणतोय मी."

"मग मेलं कोण?"

त्यांनी फोन ठेवला. मी अजून विचारतेय.